उमाठ्यांचा जिना

मुलीचा एक फोटो काढून घेण्यात चंपतराव धोट्यांचा फायदा काय होता, तो आधी मांडून घेऊ. पहिला फायदा पोह्यांचा. मुलगी दाखवायची म्हणजे रविवारी पाहुणे येणार, पोहे खाणार, चहा पिणार आणि ‘कळवतो’ म्हणून जाणार. फोटो पोहे खात नाही. दुसरा फायदा असा, की जया दिसायला चांगली उंच, नाकीडोळी नीट, पण बोलायला लागली की पाहुण्यांचे चमचे बशीतच थांबत. एकाने विचारलं, स्वयंपाक येतो का? तर म्हणाली, “येते ना. तुमच्या मुलाले जेवता येते का?” फोटोत जीभ येत नाही. तिसरा फायदा धरमपेठेतल्या मेहुण्याचा. कारकुनाच्या पोरीले कारकूनच भेटन, असं तो दर सणाला ऐकवायचा. भिवापूरच्या मिरचीवाल्याचं स्थळ जमलं, की त्याचं तोंड बंद होणार होतं; आणि ह्या एका फायद्यासाठी चंपतराव बाकीचे दोन्ही सोडायला तयार होते.

खर्चाच्या बाजूला काय? रविवारची एक सकाळ, शेजारणीकडून मागून आणलेली जरीकाठाची साडी आणि फोटोवाल्याची फी. संपलं. पण मी जन्मभर लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, मुनीमकी केली. ज्या सौद्यात खर्चाची बाजू इतकी हलकी दिसते, तिथे खर्च होतच असतो. फक्त तो दुसऱ्या कोणाच्या नावावर पडतो.

ही गोष्ट पासष्ट सालची. लकडगंजात आमच्या टालाला लागून ओंडके कापायची आरा मशीन, आणि आरा मशीनला लागून ‘उमाठे फोटो स्टुडिओ’. फोटोच्या धंद्याला याहून वाईट जागा नागपुरात शोधून सापडली नसती. आरा सुरू झाला की भिंत थरथरायची, भुसा उडून काचांवर बसायचा. कॅमेरा लाकडी, तीन पायांचा, आत काचेची प्लेट. झाकण काढलं की झाकण परत लागेपर्यंत माणसाने पुतळा होऊन राहायचं. त्यात भिंत हलली तर एकाला दोन नाकं यायची. म्हणून सगळी जुळवाजुळव झाली की उमाठे खिडकीतून लाल फडकं हलवत. आऱ्यावरचा नत्थू ते पाहून पट्टा सरकवायचा, आरा थांबायचा आणि सगळी गल्ली एकदम चूप व्हायची. हमाल खांद्यावरचे ओंडके तसेच धरून उभे राहत. आपण हाललो तर आतला फोटो बिघडेल, असं त्यांना खरोखर वाटे. अजूनही कुठे एकाएकी आवाज थांबला, की माझ्या मनात येतं, कोणीतरी जिन्यावर उभं आहे.

जिना म्हणजे उमाठ्यांची सगळी दौलत. विश्वनाथ उमाठे मुळात फोटोवाले नव्हतेच. ते एका नाटक कंपनीत पडदे रंगवायचे. बोलपट आले, कंपनी गावोगाव फिरून फिरून नागपुरात आली आणि इथेच बसली. मालकाने हात जोडले, पगार नाही, सामान घेऊन जा. कोणी पेटी उचलली, कोणी शालू, एकाने राजाचा मुकुट नेला. उमाठ्यांनी आपणच रंगवलेला तिसऱ्या अंकाचा पडदा घेतला. राजवाड्याची बाग, मधोमध वर चढत गेलेला पांढरा जिना, कठड्यावर कुंड्या, बाजूला तळं आणि तळ्यात दोन हंस. पडदा आला, मग त्याच्यापुढे उभी करायला माणसं पाहिजेत म्हणून कॅमेरा आला. लोक कॅमेरा घेऊन पडदा शोधतात. ह्या माणसाने पडदा घेऊन कॅमेरा शोधला.

खरी करामत मात्र खाली होती. आऱ्यावर तेव्हा नवाच लागलेल्या नत्थूने सागाच्या उरल्यासुरल्या फळ्यांच्या दोन पायऱ्या ठोकून दिल्या होत्या. त्यांना पडद्यावरचाच पांढरा रंग, आणि त्या पडद्याला अशा भिडवलेल्या, की पहिल्या दोन पायऱ्या लाकडाच्या आणि तिसरीपासून कापडाच्या, हे फोटोत कोणाच्या बापाला कळू नये. अर्ध्या पूर्व नागपूरच्या भिंतींवर हा जिना टांगलेला होता. ज्यांच्या खोलीत पाय पसरून झोपता येत नसे, ती माणसं फोटोत राजवाड्यातून बागेत उतरत होती.

छप्पनच्या दसऱ्यानंतर पांढऱ्या लुगड्यांची रीघ लागली. दीक्षा घेतलेली घरंच्या घरं फोटो काढून घ्यायला येत. आमचा नत्थूही आला, बायको-पोरांना घेऊन. उमाठ्यांनी सवयीने सांगितलं, “पहिल्या पायरीवर उभे राहा.” नत्थूची बायको इंदूबाई म्हणाली, “आमी वरच्या पायरीवर राहू, भाऊ. खालच्यावर लय दिवस राह्यलो.” उमाठ्यांनी कॅमेऱ्याचे तिन्ही पाय वर सरकवले. नत्थूच फोटोत, म्हणून त्या दिवशी आरा थांबवायला मी गेलो होतो.

आणि पार्वतीबाई. त्या उमाठ्यांच्या बायको. पडद्यावरचा भुसा त्याच झटकत, फाटला तिथे आतून ठिगळ त्याच लावत. गिऱ्हाईक आरशापुढे पावडर लावत असलं, की पार्वतीबाई जाऊन पायरीवर उभ्या राहत. उमाठे काळ्या कपड्यात डोकं घालून त्यांच्यावर नेम धरत, कॅमेरा पुढे-मागे करत, छपरातल्या काचेखालचे मलमली पडदे ओढून उजेड कमी-जास्त करत. सगळं बसलं की कपड्याच्या आतूनच म्हणत, “हं, उतर.” पार्वतीबाई उतरत, गिऱ्हाईक चढे, प्लेट लागे. लकडगंजातल्या प्रत्येक फोटोच्या आधी तिथे पार्वतीबाई उभ्या राहून गेल्या होत्या. पण त्यांच्यावर प्लेट कधी लागली नाही.

“अन् माहा कवा काढता?” त्या विचारत.

“हा सीझन होऊ दे.”

लग्नाचा सीझन झाला की शाळांचे ग्रुप, मग दिवाळी, मग परत लग्नं. पार्वतीबाई हट्ट करणाऱ्या नव्हत्या. फक्त दर वेळी पदर नीट करून, मान जराशी डावीकडे घेऊन उभ्या राहत, जशी काही आज प्लेट लागणारच आहे.

त्या रविवारी जयासाठीही त्या अशाच उभ्या राहिल्या आणि उतरल्या. जया चढली.

“हासू नको,” उमाठे म्हणाले, “पन हासून राहिली असं वाटलं पाहिजे.”

“म्हणजे मामा आले की हासतो, तसं ना काका?”

“तसंच. पाय जरा पुढे. टाच टेकव. सावली पडू दे टाचेची.”

“काका, हा जिना वर कुठे जाते?”

“कुठे नाई जात वं. तिसरीपासून कपडा हाय.”

“मग आपली दुसरीच बरी,” जया म्हणाली. लाल फडकं हललं, आरा थांबला, गल्ली चूप झाली.

फोटो भिवापूरला गेला. मुलाचे वडील रुपराव गभणे काही भोळे नव्हते. मिरची नुसती मुठीत दाबून तिचा तिखटपणा सांगणारा माणूस; त्यांनी ‘चांगली’ म्हटलं की नागपूरचा व्यापारी पोतं उघडून पाहत नसे. नाटकाचे पडदेही त्यांनी ढीग पाहिले होते. पण पडद्यावर माणसाचा पाय टेकत नाही. इथे मुलीचा पाय चक्क पायरीवर होता, आणि टाचेखाली सावली होती. बस, रुपरावांनी सौदा पक्का धरला. मिरचीच्या बाजारात त्यांनी फोटो हातोहात फिरवला. “पोट्टी मंग पाहा, पयले जिना पाहा! संगमरवरी हाय. असा जिना ज्याच्या घरात हाय, तो मानूस साधा हाय का गा?” मुलाचं नाव बळीराम, त्याने मुलगीच पाहिली, पण त्याला कोणी विचारत नव्हतं.

तारीख काढायला रुपराव आले ते आपली थोरली बहीण कौसल्याबाई हिला घेऊन. ह्या कौसल्याबाई लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या, आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा. दोघं चाळीचा लाकडी जिना दोर धरून चढले. चंपतरावांच्या दोन खोल्या. पाणी झालं, चहा झाला, जया येऊन नमस्कार करून गेली. मग रुपराव हळूच म्हणाले, “इवाई, तो दुसरा जिना कुठं हाय?”

“कोन्ता दुसरा?”

“फोटोतला. पांढरा.”

चंपतराव थट्टा समजून हसले. समोरचा हसत नाही असं पाहून थांबले. “तो... तो फोटोवाल्याचा हाय.”

“मंग तुमी फोटोवाल्याच्या घरी राहून राहिले होते का?”

आतून जयाचा आवाज आला. “तो कपड्यावर काढला आहे, मामंजी. मी दोन पायऱ्या चढली. तिसरी चित्राची होती.”

मुलगी मामंजी म्हणाली हे चंपतरावांनी ऐकलं, आणि त्यांना आणखीच घाम फुटला. आपण फसवलं असं कोणी म्हणू नये म्हणून ते दोघांना तसेच उठवून लकडगंजात घेऊन आले. मी टालावरून पाहिलं आणि काहीतरी वेगळं आहे म्हणून मागोमाग गेलो.

रुपराव पडद्यासमोर उभे राहिले. पहिल्या पायरीवर चढले. दुसरीवर चढले. मग त्यांनी तिसरीवर पाय टाकला, आणि गुडघा कापडाला लागून सगळा राजवाडा हालला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते दोन हंस तळ्यात पोहले.

कौसल्याबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना. “रुप्या, लेका, कापडावर चढून राहिला होता का गा!”

“हास, बाई, हास,” रुपराव पायरीवरच बसले. “पोट्टी मले कबूल हाय. कालबी होती, आजबी हाय. पन भिवापुरातून दोन ट्रक वऱ्हाड येइन, ते लग्न पाह्याले येइन का? ते जिना पाह्याले येइन. अन् जिना नाई दिसला, तं उद्या मी बाजारात मिरची दाखवीन तवा लोक म्हनतीन, रंगवली असन.”

हे मात्र खरं होतं. मिरचीच्या धंद्यात जबान गेली की मागे नुसता ठसका उरतो. त्यांच्यापुढे दोनच रस्ते होते: एक तर लग्न मोडायचं आणि बोभाटा व्हायच्या आधी गप बसायचं, नाही तर जिना दाखवायचा. चंपतराव भिंतीला टेकले. कौसल्याबाईंनी डोळे पुसले, पडदा खालपासून वरपर्यंत पाहिला आणि उमाठ्यांना विचारलं, “भाऊ, हा निघते का इथून?”

“नाई,” उमाठे म्हणाले.

“एका दिवसापुरता. मांडवात लावू. लांबून पाहतीन, जेवतीन, जातीन.”

“नाई म्हटलं ना. माहा सगळा धंदा हाय त्याच्यावर. लग्नाचा सीझन हाय.” मग, जणू सहज, “किती मानसं येतीन?”

“दोनशे तं असतीनच.”

“समोर बसतीन?”

“मंग का पाठ करून बसतीन?”

“पेट्रोमॅक्स मी सांगीन तिथंच लागतीन?”

हे ऐकलं आणि मला कळलं, माणूस गेला. पडदे रंगवणाऱ्याला टाळ्या कळतात. कॅमेऱ्याची टाळी नसते. इतकी वर्षं तो पडदा एका वेळी एका डोळ्याने पाहिला होता, तोही कॅमेऱ्याच्या काचेत दिसतो तसा उलटा.

पार्वतीबाई म्हणाल्या, “सीझनात पडदा काढसान, तं गिऱ्हाईक कुठं उभं करसान?”

“एका दिवसाचा तं सवाल हाय.”

“बरं. मंग आनल्यावर पयला फोटो माहा.”

“पक्का,” उमाठे म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं; मीही.

लग्न मे महिन्यात, दिवेलागणीच्या मुहूर्ताचं. टालामागच्या मोकळ्या जागेत मांडव पडला. आमच्याच बल्ल्या, म्हणजे सरळसोट वासे, रोवून उमाठ्यांनी पडदा ताणला, खाली दोन पायऱ्या लावल्या. पडद्यावरच्या सावल्या उजवीकडे पडलेल्या, म्हणून त्यांनी सगळे पेट्रोमॅक्स डावीकडे लावायला लावले. उजवीकडे बसलेल्या म्हाताऱ्या ओरडत राहिल्या, की आम्हाला ताटात काय आहे ते दिसत नाही. पुढे दोर बांधला, त्याच्या आत कोणी यायचं नाही. चंपतराव ज्याला त्याला सांगत होते, “वर बायका हायेत, वर बायका हायेत.”

ट्रक आले. वऱ्हाड उतरलं आणि थबकलं. “अरे बाप्पा!” असा एक लांब सूर निघाला. रुपराव सगळ्यांच्या पुढे असे चालत होते, की तो जिना जणू त्यांनीच बांधला. धरमपेठेचा मेहुणाही आला होता. तो दर सणाला चाळीत येणारा. त्याला ठाऊक होतं की चंपतरावांकडे जिना नाही. पण भिवापूरचे लोक इतक्या आदराने पाहत होते, की त्यालाही बोलायचा धीर होईना.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, माळा झाल्या. आणि मग मे महिन्यात संध्याकाळी सुटते तशी वावटळ सुटली. आधी धूळ आली, मग वारा. पडद्याच्या पोटात हवा शिरली. जिना फुगला, वाकला, परत सरळ झाला. कठड्यावरच्या कुंड्या आत-बाहेर होऊ लागल्या. समोर दोनशे माणसं, आणि आरा थांबल्यावर होते तशी शांतता. रुपरावांनी डोळे मिटून घेतले.

मागून एक म्हातारा म्हणाला, “अरे, हा तं पडदा हाय.”

कोणी हललं नाही.

“नाटक हाय!” तोच म्हातारा ओरडला. “रुपरावनं नाटक आनलं! नागपूरची कंपनी आनली लेकानं!”

भिवापुराकडची माणसं ती. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, तिच्यात नाटकं होतात, पडदा दिसला की तिकडच्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. सगळं वऱ्हाड धडाधड खाली बसलं. पोरं पुढे, बायका एका बाजूला, म्हातारे बल्लीला टेकून. “कोन्तं हाय गा?” “पयल्या अंकापासून हाय ना?” “राजाचं हाय, जिना दिसत नाई का तुले?” लग्नात नाटक आजवर कोणी आणलं नव्हतं. जिना कोणाच्या घरातला, हे सगळे विसरून गेले.

रुपरावांनी एक डोळा उघडला. कौसल्याबाईंनी कोपर मारलं. “हो म्हन.”

“हो,” रुपराव म्हणाले, आणि चंपतरावांकडे पाहिलं. चंपतरावांनी उमाठ्यांकडे पाहिलं. उमाठ्यांच्या मागे कोणी नव्हतं, नाही तर त्यांनीही पाहिलं असतं.

ज्या माणसाने सगळ्या नागपूरला ‘हालू नका’ सांगितलं, तो धोतराचा काष्टा सारखा करून दोर ओलांडून दुसऱ्या पायरीवर चढला. त्यांना तिसरा अंकच येत होता. आपला पडदा त्याच अंकात लागायचा म्हणून तेवढाच ऐकलेला. वचन देऊन बसलेला एक राजा आपला राजवाडा पाहुण्याला देतो आणि जिना शेवटचा उतरतो. उमाठे राजा झाले, राणी झाले, प्रधान झाले. मध्येच अडले, तेव्हा पडद्यामागून हळू आवाजात पुढचं वाक्य आलं. पार्वतीबाई मागे पडदा दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. अंधाऱ्या खोलीत प्लेटी धुताना नवरा जे पुटपुटायचा, ते त्यांना पाठ होतं.

राजा दोन पायऱ्या उतरला आणि मांडव टाळ्यांनी फुटायचा राहिला. बळीराम नवरदेव असूनही शिट्टी वाजवून मोकळा झाला. जया त्याच्याकडे पाहून हसली, आणि ते हसू मामाला पाहून हसण्यातलं नव्हतं.

तेवढ्यात तो मघाचा म्हातारा उभा राहिला. तो भिवापूरच्या नाटक मंडळाचा प्रमुख. हात जोडून म्हणाला, “मास्तर, राजानं वाडा देल्ला, तसा हा पडदा आमच्या मंडईले द्या. आमच्यापाशी जंगलाचा एकच पडदा हाय. आमचा राजाबी जंगलातच राहते.”

हशा झाला. मग सगळे उमाठ्यांकडे पाहू लागले. आता हिशेब करा. दोनशे माणसं, हातात ताज्या टाळ्या, डोक्यावर नसलेला मुकुट. अशा वेळी माणूस ‘विचार करून सांगतो’ म्हणत नाही. पार्वतीबाई दिसत असत्या तर कदाचित म्हणालेही असते. पण त्या पडद्यामागे होत्या.

“देल्ला,” राजा म्हणाला.

पडदा उतरवून ट्रकमध्ये चढवताना लोक पायऱ्याही उचलू लागले. तेव्हा पार्वतीबाई येऊन त्यांच्यावर बसल्या. “ह्या आमच्या,” म्हणाल्या. त्यांना उठा म्हणायची हिंमत कोणाची झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओत मागे नुसती राखाडी भिंत. लोक येत आणि विचारत, “जिना कुठं गेला?” एक पैलवान फोटो हातात घेऊन म्हणाला, “ह्याच्यात तं नुसते आपनच आलो!” आणि निघून गेला. उमाठ्यांनी नवा पडदा रंगवायला घेतला, तर हंस बदकासारखे होऊ लागले. गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. भिंतीपुढचे त्यांचे फोटो पाहिले तर चेहरे पूर्वीपेक्षा चांगले. पण चेहरा लोकांकडे घरीच होता, त्यासाठी ते स्टुडिओत येत नव्हते.

एका दुपारी ते म्हणाले, “ये वं, तुहा काढतो.”

“भिंतीपुढे?” पार्वतीबाई म्हणाल्या. “भिंत माह्या घरी हाय.”

म्हणून दिवाळीनंतर, भिवापूरच्या मंडईचं आमंत्रण आलं तेव्हा, उमाठ्यांनी कॅमेरा, प्लेटींचा डबा आणि त्या दोन पायऱ्या एस.टी.च्या टपावर बांधल्या. सोबत पार्वतीबाई, आणि फुकटचं नाटक म्हणून मी. जाताना पार्वतीबाईंनी पेटीच्या तळाचं लग्नातलं लुगडं काढून नेसलं होतं.

सकाळी मैदानात पडदा ताणला होता. पायऱ्यांवाचून तो जिना गुडघ्याएवढ्या उंचीवर अधांतरी सुरू व्हायचा. त्यांच्या राजाला उडी मारून वाड्यात जावं लागत असणार. पायऱ्या लावल्या आणि सगळं पुन्हा जागेवर आलं. पार्वतीबाई चढल्या. पदर नीट केला, मान जराशी डावीकडे घेतली. उमाठे काळ्या कपड्यात शिरले. बराच वेळ शिरून राहिले. इतका वेळ त्यांनी कोणालाच पाहिलं नव्हतं. मग आतून आवाज आला, “हं, उतर.”

आणि पार्वतीबाई उतरल्या.

तोंडातून गेलं, पायांनी ऐकलं. दोघांच्याही ध्यानात आलं तोवर पायरीवर रुपराव चढले होते, मिशीवर हात फिरवत. “काढा, मास्तर! आता तिसरीवर पाय नाई टाकत!” पार्वतीबाई खो खो हसल्या. “काढा, काढा, मंग माहा काढजा.”

रुपरावांच्या मागे जया आणि बळीराम, त्यांच्या मागे नाटक मंडळ, मंडळाच्या मागे अख्खं भिवापूर. प्रत्येकाच्या आधी पार्वतीबाई सवयीने चढत आणि उतरत. समोर माणसं जमली की उमाठ्यांना नाही म्हणता येत नाही, हे मांडवात दिसलंच होतं. डबा रिकामा होत होत शेवटच्या प्लेटवर आला. ती त्यांनी बाजूला काढून ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, “आता बस. ही घरची हाय.”

पार्वतीबाई चढल्या. तेवढ्यात कौसल्याबाई काठी टेकत आल्या. “संपलं का गा? मले कोनी हाकच नाई मारली. जाऊ दे. पुढल्या मंडईले काढू, राह्यली तं.”

पार्वतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि दुसऱ्या पायरीवरून खाली आल्या. ह्या वेळी कोणी ‘उतर’ म्हटलं नव्हतं. म्हातारीचा हात धरून त्यांनी तिला वर चढवलं, तिचा पदर सारखा केला, मान जराशी डावीकडे वळवून दिली. “अशा राहा, आत्या. इथं उजेड चांगला येते.”

“अन् तुमचा?”

“माहं काय, मी तं इथंच उभी राहतो रोज.”

कौसल्याबाई त्यानंतर चांगल्या पंधरा वर्षं राहिल्या. पार्वतीबाई पुढच्या मंडईच्या आधीच तापाने गेल्या. उमाठे बराच काळ जगले. पासपोर्टचे फोटो काढत, राखाडी भिंतीपुढे, आरा विजेवर गेल्यावरही सवयीने लाल फडकं हलवत. त्यांच्यामागे त्या दोन पायऱ्या आमच्या टालावर आल्या. हमाल त्यांच्यावर बसून बिडी ओढतात.

चौऱ्याऐंशी साली जयाच्या मुलीच्या लग्नाला मी भिवापूरला गेलो होतो. जवळजवळ प्रत्येक घरात तो फोटो: पांढरा जिना, दोन हंस आणि पायरीवर कोणीतरी, मान जराशी डावीकडे. जयाने मला कौसल्याबाईंचा दाखवला. म्हणाली, “मुनीमजी, सगळे कसे एकसारखे उभे आहेत ना. काकूसारखे.”

तेव्हा जमा पाहा. चंपतरावांना जावई मिळाला, आणि मेहुण्याचं तोंड बंद झालं. रुपरावांची जबान राहिली. भिवापूरच्या राजाला जंगलातून वाड्यात जाता आलं. उमाठ्यांना दोनशे माणसांच्या टाळ्या मिळाल्या. कौसल्याबाईंना शेवटची प्लेट. जयाचं तर बरंच झालं. बळीरामाला जेवताही येतं आणि स्वयंपाकही.

खर्चाला एकच नाव: पार्वतीबाई विश्वनाथ उमाठे.